टोपी नाही, सावली नाही

३ एप्रिल, सोमवार

नोकरी लागली. आठ आठवड्यांची का होईना, लागली. काम म्हणजे माणसं मोजायची. आई म्हणाली, "बरं झालं. हिला दुसरं येतं काय? लहानपणी जिन्याच्या पायऱ्या मोजल्याशिवाय वर यायची नाही. मधे हाक मारली की पुन्हा पहिलीपासून."

इस्पितळाच्या त्वचारोग विभागाला जाणून घ्यायचंय की तरुण मुलं उन्हापासून स्वतःला कितपत जपतात. आधी त्यांनी कागदावर प्रश्न विचारून पाहिले. कागदावर सगळेच गुणी बाळ असतात, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. म्हणून आता उघड्यावरच्या पोहण्याच्या तलावाशी एक माणूस बसवायचा आणि नुसतं बघायचं. तो माणूस म्हणजे मी. दर अर्ध्या तासाने, साधारण बारा ते पंचवीस वयाच्या सगळ्यांवर नजर फिरवायची आणि तक्त्यात चार रकाने भरायचे: टोपी, बाही, सावली, सनस्क्रीन. आहे किंवा नाही.

नियम एकच, पण कडक. कुणाशी बोलायचं नाही आणि आपण कशासाठी बसलोय ते सांगायचं नाही. "कुणीतरी बघतंय हे कळलं की माणूस बदलतो," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तू तिथे नाहीसच असं समज." हे मला जमेल. घरी पाहुणे आले की मी तेच करते.

सोंग म्हणून एक जाड कादंबरी नेली. प्रेक्षकांच्या पायऱ्यांपैकी तिसरी पायरी धरली. समोर दोन हातांवर जीवरक्षकाची उंच खुर्ची आहे, तोंड पाण्याकडे, पाठ माझ्याकडे. जीवरक्षक पंचविशीच्या आतला दिसतो, म्हणून पहिली नोंद त्याचीच केली. टोपी: आहे. बाही: नाही. सावली: आहे (खुर्चीला मोठी छत्री). सनस्क्रीन: लावताना दिसला नाही.

४ एप्रिल, मंगळवार

सकाळी फाटकातून आत येताना अकरा टोप्या मोजल्या. आया फाटकाबाहेर गेल्या आणि टोप्या पिशवीत गेल्या. अर्ध्या तासाने दोन उरल्या. त्यातली एक पाण्यात तरंगत होती, तिला कुठल्या रकान्यात घालायचं ते कळेना.

जीवरक्षकाची टोपीही आज खुर्चीच्या दांड्याला लटकलेली. काल डोक्यावर होती. आता पोरांना काय नावं ठेवायची?

७ एप्रिल, शुक्रवार

आठवड्याभरात जे दिसलं ते असं. मुली सनस्क्रीन लावतात, पण अत्तरासारखं. एक नळी सहाजणींत फिरते, प्रत्येकीच्या नाकावर एक टिपका, झालं. मुलगे लावतच नाहीत. एकाने लावलं तर बाकीच्यांनी त्याला "नवरी मुलगी" म्हणून इतकं छळलं की त्याने टॉवेलने पुसून टाकलं. सोलवटलेल्या खांद्यांची त्यांच्यात शर्यत लागते. कुणाच्या पाठीची साल न तुटता सगळ्यात लांब निघते ते बघतात, आणि जिंकणारा ती सगळ्यांना दाखवत फिरतो. अंग रापलं म्हणजे गडी कमावलेला. सावलीतले बाक रिकामे असतात, तिथे फक्त आजोबा लोक बसतात आणि सोळा वर्षांच्या पोराला आजोबांशेजारी बसलेलं कुणी बघितलं तर संपलंच. अंग लाल झाल्यावर मग सगळे नळी शोधतात. वरातीमागून घोडं.

हे सगळं लिहीत मी चार दिवस उघड्या डोक्याने उन्हात बसले. आज नाकाची साल निघाली. धाकटीने आरसा आणून पुढे धरला. "लोका सांगे ब्रह्मज्ञान," म्हणाली, "आणि आपण सोललेला बटाटा."

धाकटी म्हणजे माझी बहीण. सतरा वर्षांची आहे आणि तिला सगळं कळतं.

१२ एप्रिल, बुधवार

त्या तलावावर कुणाला एक छत्री धड लावता येत नाही. खुर्चीची छत्री सोमवारपासून मागे कलती केलेली आहे. सगळी सावली माझ्या पायरीवर आणि खुर्चीवर रणरणतं ऊन. माझ्या नाकाचं भलं झालं, पण तक्त्यात काय ते खरंच लिहायला हवं. जीवरक्षक. टोपी: नाही. सावली: नाही.

आणखी एक. तो सकाळी केस ओले करून विंचरून येतो. पाण्यात उतरायचं नसलेल्या माणसाला हे कशाला हवं? आणि माझी पायरी रोज धुतलेली असते, बाकीच्या पायऱ्यांवर मात्र पाखरांची घाण. इथल्या झाडूवाल्याला काही पद्धतच नाही.

१८ एप्रिल, मंगळवार

त्याच्या मानेवर तीळ आहे.

उजव्या कानाच्या खाली, केस संपतात तिथून बोटभर अंतरावर. मसुराच्या दाण्याएवढा. मी आत्तापर्यंत तीळ म्हणजे काळा ठिपका समजत होते. हा तसा नाही. एका बाजूला तपकिरी, दुसरीकडे जवळजवळ निळसर, आणि कडा गोल नाही, कुणी नखाने कातरल्यासारखी. तो डावीकडे वळला की दिसतो, उजवीकडे वळला की झाकतो. तलावाच्या डाव्या टोकाला उथळ पाणी आहे, लहान मुलं तिथे असतात, म्हणून तो डावीकडेच जास्त बघतो. देव भलं करो त्या लहान मुलांचं.

तक्त्याच्या समासात त्या तिळाचं चित्र काढलं. मग खोडलं. मग घरी येऊन या वहीत पुन्हा काढलं.

२४ एप्रिल, सोमवार

काल रविवार होता आणि संपता संपत नव्हता. आईने विचारलं, "आज इतकी का चिडचिड?" मी म्हटलं, उकडतंय.

खरं लिहायचं तर या वहीतच लिहावं लागेल. मला तो हवा आहे. कसा, कशासाठी, पुढे काय, यातलं काही मला माहीत नाही. मला त्याचा आवाजही धड माहीत नाही, फक्त "पळू नका!" आणि "ए, उडी नाही!" एवढंच ऐकलंय. पण सकाळी साडेनऊला तो खुर्चीवर चढतो, पाठ ताठ करतो, आणि माझ्या छातीत कुणीतरी दार लोटल्यासारखं होतं. दिवसभर तो पाण्याकडे बघतो आणि मी त्याच्याकडे. पाण्याचा मला आता राग येतो. वेड्यासारखं आहे, पण येतो.

आणि बोलायचं नाही. एरवी मी तरी कुठे बोलले असते म्हणा. नियम आहे म्हणून निदान दोष नियमाला देता येतो.

२ मे, मंगळवार

मळभ. टोप्या: शून्य. चाळीस पोरांत एकही नाही. "ऊनच नाही तर टोपी कशाला?" असं एक पोरगी आईला फोनवर सांगत होती. संध्याकाळी तिच्या दंडांवर लाल पट्टे उठलेले होते.

त्याच्या टॉवेलवर कानाच्या बाजूला रक्ताचा एक ठिपका दिसला. डास चावला असेल आणि त्याने खाजवलं असेल. घरी जाऊन त्याला कुणी काही लावून देतं का? आई असेल? आणखी कुणी? आज घरी येईपर्यंत त्या "आणखी कुणी"चा मी इतका विचार केला की माझा थांबा मागे राहिला आणि दोन थांबे चालत यावं लागलं.

५ मे, शुक्रवार

आज दुपारच्या सुटीत तो खुर्चीवरून उतरला आणि पायऱ्यांपाशी थांबला. वर बघितलं. मी पुस्तकात मान घातली. त्याने घसा खाकरला. मग तिकीट खिडकीशी जाऊन त्या बाईंना विचारलं, "पाणी आलंय का?" म्हणजे तलावावर उभं राहून विचारलं. तिकीटवाल्या बाई हसत सुटल्या. कशाला हसल्या कोण जाणे.

तीळ थोडा मोठा झाल्यासारखा वाटतो. या वहीतलं जुनं चित्र काढून ताडून पाहिलं. नक्की मोठा आहे. की मी आता जास्त जवळून बघते?

११ मे, गुरुवार

आज धाकटी मैत्रिणींची टोळी घेऊन तलावावर आली. बजावून ठेवलं होतं, मला ओळख दाखवायची नाही. तिने इमानदारीने दाखवली नाही, पण घरी आल्यावर सगळं बाहेर काढलं.

"ताई, तुझा खुर्चीवाला छान आहे."

"माझा नाही. आणि तू सनस्क्रीन फक्त तोंडाला लावलंस, हातांना नाही. मोजलंय मी."

"हात फोटोत कुठे येतात?"

"हातांना काही होत नाही का?"

"होईल तेव्हा होईल. हे आजार पन्नाशीत होतात, ताई. पन्नाशीत मी घालीन की टोपी. तेव्हा कोण बघणारे मला?" मग पलंगावर पालथी पडून म्हणाली, "तो तुझ्याकडे बघत होता."

"तो पाण्याकडे बघतो. त्याची नोकरीच ती आहे."

"सुटीत पण?"

मी तिला तिचं ताट उचलायला पाठवलं.

१५ मे, सोमवार

आजचं सगळं क्रमाने लिहिते.

पाहणीच्या शेवटच्या दिवशी तलावावर पत्रकं वाटायची आहेत. पाचशे पत्रकं छापून आली, ती आज डॉक्टरबाईंनी घडी घालायला घरी दिली. तीन घड्या, वरचा मथळा दिसला पाहिजे. संध्याकाळी मी आणि धाकटी जमिनीवर बसलो. मला असली कामं आवडतात. मी मोजत मोजत दोनशे दहा पत्रकांच्या घड्या घातल्या आणि आत काय छापलंय ते एकदाही वाचलं नाही. जी बाई सहा आठवडे उन्हाचं काम करते तिने उन्हाचं पत्रक वाचलं नाही.

धाकटीने एक उलगडलं. "ई. हे काय किळसवाणं?"

मी बघितलं. चार फोटो होते. "असा तीळ दिसल्यास ताबडतोब डॉक्टरांना दाखवा." एकाखाली लिहिलेलं, कडा वेडीवाकडी. एकाखाली, एकाहून जास्त रंग. एकाखाली, आकार वाढतो. एकाखाली, रक्त येतं.

तिसरा फोटो तर मी काढलेल्या चित्रावर ठेवला असता तर रेघ रेघेला लागली असती.

धाकटी म्हणाली, "ताई, काय झालं?" मी म्हटलं, काही नाही, पाय आखडला. उरलेल्या पत्रकांच्या घड्या तिने एकटीने घातल्या. मथळे सगळे आत गेले.

१६ मे, मंगळवार

नाही बोलले.

साडेनऊला जायचं आणि सांगून टाकायचं, असं ठरवून गेले होते. तो चढला, पाठ ताठ केली. मग मला वाटलं, मी कोण मोठी लागून गेले? मी डॉक्टर आहे का? आणि नियम आहे. जीवरक्षकाने टोपी घातली की दुसऱ्या दिवशी पोरं घालतील, मग सगळे आकडे चुकतील. पाहणीचे नऊच दिवस उरलेत. नऊ दिवसांत काय होणार? तीळ काय आज उगवलाय? शेवटच्या दिवशी पत्रकं वाटताना सगळ्यांबरोबर त्यालाही देईन, म्हणजे ते रीतसर होईल आणि मी हे सगळं कसं बघितलं हे सांगावं लागणार नाही.

दर अर्ध्या तासाची नोंद केली. जीवरक्षक. टोपी: नाही. सावली: नाही. एका जागी पेन्सिलचं टोक मोडलं.

१७ मे, बुधवार

आज त्याने सुटी घेतली होती. खुर्चीवर दुसराच कुणी होता, जाडजूड, टोपीवाला. मला सुटल्यासारखं वाटलं. तसं वाटल्याचं कळलं आणि तिथेच पायरीवर रडू आलं. पुस्तक तोंडापुढे धरलं. एक आजोबा म्हणाले, "दुःखान्त आहे का, बाळ?" मी मान हलवली.

१८ मे, गुरुवार

सांगितलं.

वही-पेन्सिल खाली ठेवली, पायऱ्या उतरले आणि खुर्चीच्या मागे उभी राहिले. त्या खुर्चीवर बसलेल्याने पाण्यावरची नजर काढायची नसते, हे फलकावरच लिहिलंय. म्हणून मी त्याच्या पाठीशी बोलले. समोरून मला जमलंच नसतं.

"ऐका. मागे वळू नका."

पाठ ताठ झाली. "वळतोय कुठे? वळलो तर नोकरी जाईल." मग, "तुम्ही पायरीवरच्या ना?"

"हो."

"त्रेसष्टावं पान."

"काय?"

"तुमच्या पुस्तकाचं. सुटीत उतरतो तेव्हा दिसतं. तीन आठवडे त्रेसष्टावंच आहे. इतकं काय आहे त्या पानावर?"

मला हसू यायला हवं होतं. "तुमच्या मानेवर एक तीळ आहे," मी म्हटलं.

"आहे ना. आई म्हणते नशीबवान असतो असला." आवाजात हसू होतं. एवढ्या जवळून मी तो पहिल्यांदा ऐकत होते, थोडा घोगरा आहे. "बरा दिसतो का?"

"तो डॉक्टरांना दाखवा. आजच. त्याला दोन रंग आहेत, कडा फाटल्यासारखी आहे, आणि त्यातून एकदा रक्त आलं होतं. दोन तारखेला. आणि तो वाढलाय."

"ए, निळी चड्डी! पळायचं नाही!" त्याने शिट्टी फुंकली. मग, "वाढलाय हे तुम्हाला कसं माहीत?"

म्हणून मग सगळं सांगावं लागलं. इस्पितळ, पाहणी, चार रकाने, समासातलं चित्र. सगळं. चित्र किती वेळा काढलं तेही. त्याची मान लाल होत गेली, ती उन्हाने की कशाने, ठाऊक नाही.

"म्हणजे तुम्ही माझी टोपी मोजत होता."

"हो. पहिल्या दिवशी होती की. मग का काढलीत?"

"पहिल्या दिवशी मागे कुणी बसलंय हे माहीत नव्हतं." तो थांबला. "टोपी घातली की माझे कान बाहेर येतात."

मी डॉक्टरबाईंचा नंबर लिहिलेली चिठ्ठी खुर्चीच्या पायरीवर ठेवली. पेन्सिलच्या डब्याने दाबली, उडू नये म्हणून. त्याने हात मागे करून ती चाचपडून उचलली. बोटं माझ्या बोटांना लागली नाहीत. अगदी थोडक्यात राहिलं.

१९ मे, शुक्रवार

डॉक्टरबाईंकडे जाऊन स्वतःच सांगितलं. त्या म्हणाल्या, तो येऊन गेला, कालच, संध्याकाळची वेळ संपता संपता. उद्या तीळ कापून काढणार आणि तुकडा तपासायला पाठवणार. आजाराचं नाव त्यांनी घेतलं नाही. मी घेतलं. त्वचेचा कर्करोग? त्या म्हणाल्या, असू शकतो, नसूही शकतो, दहा दिवसांत कळेल.

मी विचारलं, "त्याने माझ्यामुळे टोपी काढली. सावलीही नव्हती त्याला. माझ्यामुळे झालं का हे?"

"वेडी आहेस का? सात आठवड्यांत होत नाही हे. लहानपणापासूनचं ऊन आहे ते. पोरं ते विसरतात, कातडी विसरत नाही." मग त्यांनी माझा तक्ता पुढे ओढला आणि त्यावर आडवी रेघ मारली. तलावाचे सगळे आकडे बाद. मोजणाऱ्यानेच तोंड उघडलं आणि ज्याला मोजलं तो बदललेलाच होता, मग मोजलं काय? मी मान खाली घातली. "त्याचं दुःख करू नकोस," त्या म्हणाल्या, "आकडे पुढच्या वर्षी पुन्हा मिळतील. पण सोमवारी कळलं तर गुरुवारपर्यंत का थांबलीस?"

नियम होता, असं सांगितलं. त्यांनी मान डोलवली. त्यांना पटलं असावं.

मला पटलं नाही. नऊ दिवस उरलेत, असं मी मंगळवारी लिहिलं ते आत्ता मागे जाऊन वाचलं. ते आकड्यांसाठी लिहिलं नव्हतं. त्याला बघायचे नऊ दिवस उरले होते आणि त्यातला एकही मला सोडवत नव्हता. त्याच्या जिवापेक्षा मला माझं बघणं मोठं वाटलं, तीन दिवस वाटलं. हे मी कुणालाही सांगणार नाही, पण इथे तरी असू दे.

२६ मे, शुक्रवार

शेवटचा दिवस. आकडे बाद असले तरी पत्रकं वाटायची होती, म्हणून तलावावर गेले. खुर्चीवर तो जाडजूड बदलीचा माणूस. छत्री अगदी सरळ. आता माझ्या पायरीवर भर दुपारी ऊन येतं, बसवत नाही. इतके दिवस कसं येत नव्हतं कोण जाणे, सूर्य सरकला असेल.

पोरांनी पत्रकांची विमानं केली. एकाने मात्र वाचलं. तोच, ज्याला "नवरी मुलगी" म्हणत होते. वाचून त्याने आपल्या मित्राची पाठ तपासली, मग मित्राने त्याची. दोघं माकडांसारखी एकमेकांच्या पाठीवर वाकली होती आणि हसत होती. मी त्यांना आणखी दहा पत्रकं दिली.

मग पायरीवर उभी राहून रिकाम्या वाटणाऱ्या खुर्चीकडे बघितलं. माणूस बसलेला असूनही रिकामी. आठ आठवड्यांत मी जवळजवळ चार हजार माणसं मोजली, आणि मला आठवतंय ते एकाच्या मानेचं बोटभर कातडं, जे आता तिथे नाही.

३० मे, मंगळवार

आज निकाल होता. मला कुणी बोलावलं नव्हतं. उरलेली पत्रकं परत करायचं निमित्त केलं. एकोणीस उरली होती. ती टपालानेही गेली असती.

त्वचारोग विभागाबाहेरच्या बाकावर तो बसला होता, शेजारी त्याची आई. मी त्याला ओळखलंच नाही. खरं सांगते, दोन पावलं पुढे निघून गेले. समोरून मी त्याला कधी नीट पाहिलंच नव्हतं. पुढचा एक दात किंचित तिरका आहे. हसताना उजवा डोळा जास्त बारीक होतो. कान बाहेर आहेत, हे खरं आहे. हे सगळं इतके दिवस तो पाण्याला दाखवत होता. मानेवर पांढरी पट्टी होती. त्याच्या पाठीची इतकी आठवण आली की वाटलं त्याला म्हणावं, जरा वळून बसता का?

"बसा ना," तो म्हणाला, आणि सरकला.

त्याच्या आईने मला खालून वर पाहिलं. "तू त्याची कोण गं?"

"मी... तलावावर असते."

"पोहतेस?"

"नाही. मोजते."

"काय मोजतेस?"

"टोप्या," तो म्हणाला. त्याची आई काही समजली नाही, पण तिने माझा हात धरला आणि सोडला नाही. तिचा तळवा घामाने गार पडला होता. आम्ही तिघं तसेच बसून राहिलो. आत एकेकाचं नाव पुकारत होते आणि प्रत्येक वेळी तिची बोटं आवळत होती.

मग त्याचं नाव पुकारलं. आठ आठवड्यांनी मला त्याचं नाव कळलं, तेही शिपायाच्या तोंडून. इथे लिहीत नाही. लिहिलं तर ते मला पुसता येणार नाही.

ते दोघं आत गेले. मी भिंतीवरच्या फरशा मोजल्या. आडव्या चौदा, उभ्या नऊ. पुन्हा मोजल्या. पुन्हा.

त्याची आई रडत बाहेर आली आणि मी उठून उभी राहिले. पण ती रडताना हसत होती. तीळ वाईटच निघाला होता. पण वरवरचा होता, खोल गेला नव्हता, सगळा निघाला आहे. सहा महिने तसाच राहिला असता तर डॉक्टरबाई वेगळं काही सांगत असत्या. "बाळ माझं," असं ती म्हणत होती, त्याला म्हणतेय की मला ते कळत नव्हतं.

तो शेवटी बाहेर आला. हातात कागदांची पिशवी, डोक्यावर टोपी. उन्हातली नोकरी आता नाही, असं त्याने सांगितलं. आईच्या गावी छप्पर असलेला तलाव आहे, तिथे जागा मिळतेय. सात तासांचा रस्ता. गाडी आजच दुपारची आहे. दर तीन महिन्यांनी तपासणीला यावं लागेल, ते आईच्या गावाजवळच्या इस्पितळातही होतं किंवा इथेही होतं, कुठे करायचं ते अजून ठरलेलं नाही.

"चांगलं झालं," मी म्हटलं. याहून बावळट शब्द त्या वेळी जगात दुसरे नसतील. चांगलंच झालं होतं की. तो जगणार होता. आणि मला तो इथे हवा होता, या बाकावर, या गावात, रोज साडेनऊला, आणि हे दोन्ही एकाच वेळी खरं होतं.

जिन्यापर्यंत आम्ही तिघं चालत गेलो. आई एक पायरी उतरून थांबली. त्याने टोपी थोडी मागे सारली, कान आणखी बाहेर आले, आणि त्याला ते चालत होतं.

"येतो," तो म्हणाला.

जाताना सगळेच "येतो" म्हणतात. पाहुणे म्हणतात, टपालवाला म्हणतो, कधीच परत न येणारी माणसंही म्हणतात. त्यावर "या" म्हणायचं आणि दार लावून घ्यायचं. आयुष्यभर मी तेच केलंय.

मी विचारलं, "कधी?"